चावी उचलताच जागा होणारा मुखवटा: फॅन्टोचा पाठलाग कसा बांधावा

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या सोलापुरातील एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या भुईकोट किल्ल्यावर बेतलेला एक प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, तो गोडो या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये (इंजिनमध्ये) तयार करतो आहे. नायकाने बुरुजातल्या खोलीतून चावी उचलायची आणि ती हातात धरून महाद्वारापर्यंत न्यायची. चावी उचलताच एक तरंगता मुखवटा त्याच्या मागे लागतो. ही कल्पना ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ या जुन्या व्हिडिओ गेममधल्या फॅन्टो नावाच्या मुखवट्यावरून घेतली असल्याचे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. अडचण अशी, की त्याच्या स्वतःच्या फोनवर मुखवट्याची भीतीच वाटत नाही, तर मित्राच्या फोनवर तोच मुखवटा बघता बघता नायकाला गाठतो. वेग वाढवला की सुटका उरत नाही आणि कमी केला की मुखवटा नुसता शोभेचा होतो. शिवाय चावी खाली ठेवल्यावर मुखवट्याने निघून जावे की पाठलाग चालूच ठेवावा, यावर त्याच्या मित्रांत एकमत होत नाही.

मी सोळा वर्षे गेमच्या प्रोग्रामिंगमध्ये आहे आणि त्यातला बराचसा काळ शत्रूंच्या हालचाली लिहिण्यातच गेला आहे. फॅन्टो हा माझ्या दृष्टीने या कामाचा उत्तम धडा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. तुमची चूक वेगाच्या आकड्यात नाही. मुखवटा किती वेगाने येतो यापेक्षा तो किती सहजपणे थांबू आणि वळू शकतो हे महत्त्वाचे असते, आणि त्याच्याही आधी, चावी हातात असताना खेळणाऱ्याला काय काय करता येत नाही हे महत्त्वाचे असते.

आधी मूळ गेमकडे नीट पाहू. ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ अमेरिकेत 1988 साली आला. तो मुळात मारिओचा गेम नव्हता. जपानमध्ये जुलै 1987 मध्ये फॅमिकॉम डिस्क सिस्टिमवर (निन्टेन्डोच्या गेमयंत्राच्या डिस्कवाल्या जोडयंत्रावर) निघालेल्या ‘युमे कोजो: दोकी दोकी पॅनिक’ या गेमची पात्रे बदलून तो तयार केला होता. केन्सुके तानाबे त्याचे दिग्दर्शक. इमाजिन, लीना, मामा आणि पापा ही मूळची चार पात्रे फुजी टेलिव्हिजनच्या एका महोत्सवासाठी तयार केलेली होती. त्यांच्या जागी मारिओ, लुईजी, टोड आणि राजकन्या पीच आले. हे रूपांतर करताना झालेले दोन बदल तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतात. मूळ जपानी गेममध्ये बटण दाबून धावण्याची सोय नव्हती, ती अमेरिकी आवृत्तीत आली. आणि मूळ फॅन्टोचा चेहरा बराच सौम्य होता, तो अमेरिकी आवृत्तीत उग्र झाला. म्हणजे खेळणारा चपळ झाला आणि मुखवटा भयंकर दिसू लागला, पण चावी उचलली की मागे लागायचे हा त्याचा नियम जसाच्या तसा राहिला. वीस टप्प्यांच्या त्या गेममध्ये फॅन्टो दुसऱ्याच टप्प्यात भेटतो आणि पुढेही मोजक्याच ठिकाणी येतो. तो कोणत्याही टप्प्याच्या शेवटी हरवावा लागणारा सरदार नाही, तो काही फेकत नाही की थुंकत नाही. तरीही तो गेम लहानपणी खेळलेल्या माणसाला शत्रूंची नावे विचारली, तर नाव आठवो न आठवो, ‘तो मुखवटा’ एवढे तो हमखास सांगतो.

असे का होते, याचे उत्तर त्या गेमच्या मूळ क्रियेत आहे. त्यात शत्रूला उडी मारून चिरडता येत नाही. शत्रूच्या डोक्यावर उभे राहायचे, त्याला उचलायचे आणि दुसऱ्यावर फेकायचे. जमिनीतली भाजी उपटायची आणि तीही फेकायची. म्हणजे तुमचे दोन हात हेच तुमचे शस्त्र. चावी उचलली की हे दोन्ही हात अडकतात. आता भाजी उपटता येत नाही, शत्रू उचलता येत नाही, आणि फॅन्टो तर डोक्यावर उभे राहू देणाऱ्या शत्रूंपैकीही नाही. ओझे हातात असले की पात्रांच्या हालचालीवरही परिणाम होतो, आणि तो प्रत्येकावर सारखा नसतो: टोडला ओझ्याचा त्रास सर्वांत कमी, पीचला बराच जास्त. म्हणून मुखवट्याच्या वागण्यात काडीचाही फरक नसताना टोड घेऊन खेळणाऱ्याला तो सोपा वाटतो आणि पीच घेऊन खेळणाऱ्याला जड जातो. तुमच्या गेममध्ये मात्र, तुम्ही पाठवलेल्या चित्रफितीत दिसते त्यानुसार, नायक चावी कमरेला खोचतो आणि मग तलवारही चालवतो, दुहेरी उडीही मारतो. त्याने काहीच गमावलेले नाही, त्यामुळे मुखवट्याला हिरावून घेण्यासारखे काही उरत नाही. पहिला बदल इथे करा. चावी कमरेची काढून हातात द्या, ती हातात असेपर्यंत तलवार बंद ठेवा आणि दुहेरी उडीऐवजी एकच उडी द्या. मुखवट्याच्या प्रोग्रामला हात लावण्याआधी एवढेच करून एकदा खेळून पाहा. भीती किती वाढते ते तुम्हाला लगेच जाणवेल.

आता हालचालीकडे येऊ. तुमच्या प्रोग्राममध्ये मुखवटा प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नवे चित्र येते त्या प्रत्येक वेळी, नायकाच्या दिशेने ठराविक अंतर सरकतो. असा पाठलाग करणारा शत्रू दिशा बदलायला क्षणाचाही वेळ घेत नाही, म्हणून त्याला चकवताच येत नाही. तो नायकापेक्षा हळू असेल तर कधीच पकडणार नाही आणि वेगवान असेल तर नक्कीच पकडणार; या दोन टोकांच्या मधे खेळायला जागाच नसते. फॅन्टो असा सरकत नाही. त्याला नायकाच्या दिशेने त्वरण मिळते, वेग हळूहळू वाढतो, वेगाला एक वरची मर्यादा असते, आणि त्याच वेगाच्या भरात तो नायकाला ओलांडून पलीकडे जातो. मग तिकडे मंदावतो, वळतो आणि पुन्हा येतो. आपल्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेतली झोके घेणारी होडी डोळ्यांसमोर आणा. ती तळातून जाताना सर्वांत जोरात जाते आणि टोकाला क्षणभर थबकते. खाली उभ्या माणसाला पलीकडे जाण्याची संधी मिळते ती होडी टोकाला असताना. फॅन्टोचा खेळही असाच आहे: तो अंगावरून जातो तेव्हा वाकायचे किंवा उडी मारायची, आणि तो लांब जाऊन वळेपर्यंत पुढची मजल मारायची.

याचा हिशेब मांडून दाखवतो. पुढचे आकडे फॅन्टोचे नाहीत, तुमच्या 256 पिक्सेल रुंद पडद्यासाठी मी सुचवलेले आहेत. समजा, सेकंदाला 60 फ्रेम आहेत, मुखवट्याची वेगमर्यादा फ्रेमला 2.5 पिक्सेल आहे आणि त्वरण दर फ्रेमला 0.04 आहे. नायक जागेवर उभा असेल आणि मुखवटा पूर्ण वेगाने त्याला ओलांडून गेला, तर थांबेपर्यंत त्याला साधारण 62 फ्रेम लागतील आणि तेवढ्यात तो 78 पिक्सेल पुढे गेलेला असेल. परत येऊन नायकाला पुन्हा ओलांडायला तेवढाच वेळ, म्हणजे एका धडकेपासून दुसऱ्या धडकेपर्यंत दोन सेकंदांहून थोडा जास्त अवधी. आता वेगमर्यादा तीच ठेवून त्वरण 0.2 करा. मुखवटा जेमतेम 16 पिक्सेल पुढे जाऊन वळेल आणि अर्ध्या सेकंदाच्या आतच पुन्हा अंगावर येईल. म्हणजे सर्वाधिक वेग तोच असूनही एक मुखवटा खेळता येण्याजोगा आणि दुसरा अशक्य. मी वर म्हटले की चूक वेगाच्या आकड्यात नाही, ती यामुळे. तुम्ही वेगमर्यादा नायकाच्या चालण्यापेक्षा निश्चित जास्त ठेवा, कारण भीती तिथून येते. आणि त्वरण कमी ठेवा, कारण सुटका तिथून मिळते. टप्पे अवघड होत जातील तसे त्वरण थोडे थोडे वाढवता येईल, पण पहिल्या भेटीत दोन सेकंदांची उसंत हवीच.

आडव्या आणि उभ्या दिशेची त्वरणे वेगळी ठेवा आणि त्यांचा हिशेबही स्वतंत्र करा. दोन्ही दिशांना सारखेच त्वरण दिले, तर मुखवटा बरेचदा तिरप्या सरळ रेषेत येतो आणि यांत्रिक वाटतो. उभे त्वरण आडव्याच्या दोन-तृतीयांश ठेवलेत की तो वळसा घेत, झोका खात येतो. हे मी कागदावर सिद्ध करून दाखवू शकणार नाही, पण अशा पाठलागात डोळ्याला जिवंत वाटते ते वळणच.

मित्राच्या फोनवरचा प्रकार मात्र निव्वळ प्रोग्राममधली चूक आहे आणि ती फार जणांच्या हातून होते. नायकासाठी तुम्ही ‘मूव्ह अँड स्लाइड’ हे गोडोतले हालचालीचे तयार फंक्शन वापरले आहे. ते फ्रेममधला कालावधी स्वतःच हिशेबात धरते. मुखवट्याची जागा मात्र तुम्ही ‘प्रोसेस’मध्ये, म्हणजे दर फ्रेमला चालणाऱ्या फंक्शनमध्ये, हाताने बदलता आणि तिथे ‘डेल्टा’ने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, गुणलेले नाही. तुमचा फोन सेकंदाला 60 वेळा पडदा रंगवतो. मित्राचा 120 वेळा रंगवत असणार. त्यामुळे त्याच्याकडे नायक नेहमीच्या चालीने चालतो आणि मुखवटा मात्र दुप्पट वेगाने येतो. त्वरणाची पद्धत लावल्यावर ही चूक आणखी फसवी होईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. फ्रेमवर बांधलेले आकडे 120 फ्रेमच्या फोनवर गेले, की वेग दुप्पट होतो आणि त्वरण चौपट. परिणामी मुखवटा पलीकडे तेवढेच 78 पिक्सेल जातो, वाटही तीच दिसते, फक्त सगळे निम्म्या वेळात उरकते. चित्रफीत पाहणाऱ्याला त्यात काही बिघडल्यासारखे दिसत नाही, आणि खेळणारा मात्र प्रत्येक वेळी सापडतो. यावर उपाय असा, की मुखवट्याची हालचाल ‘फिजिक्स प्रोसेस’मध्ये न्या, जे मुळात सेकंदाला 60 वेळा चालते, आणि सर्व आकडे सेकंदाच्या मापात लिहा. वरचेच आकडे त्या मापात म्हणजे वेगमर्यादा सेकंदाला 150 पिक्सेल आणि त्वरण 144. वेग आणि जागा दोन्ही बदलताना डेल्टाने गुणा. एकाच ठिकाणी गुणून दुसऱ्या ठिकाणी विसरल्याची उदाहरणे मी इतकी पाहिली आहेत की हे वेगळे सांगावेसे वाटते.

भिंतींबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण चित्रफितीत मुखवटा तटाच्या कोपऱ्यात अडकून थरथरताना दिसला. त्याला भिंतीतून जाऊ द्या. फॅन्टो भिंतीतून आरपार जातो, आणि हा आळस नाही. भिंतीला अडणारा पाठलाग करायचा, तर त्याला वाट शोधायला शिकवावे लागते. ते नीट जमले तरी खेळणारा एखादा कोपरा शोधून तिथे निवांत उभा राहतोच. भुईकोटाला दुहेरी तटबंदी आहे. नायक दोन तटांमधल्या अरुंद वाटेने चावी घेऊन चालला आहे, वर-खाली जायला जागा नाही, आणि बाहेरच्या तटाच्या दगडांतून मुखवटा अलगद आत येतो, हे दृश्य तुमच्या किल्ल्याने तुम्हाला फुकट दिले आहे. ते दवडू नका.

आता तुमच्या मित्रांच्या वादाकडे. चावी खाली टाकल्यावर मुखवटा गेलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागे एक आठवण आहे. 1990 च्या दशकात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक व्हिडिओ गेमचे दुकान होते. पत्र्याची शेड, दोन टीव्ही, जपानी यंत्राची नक्कल असलेली दोन यंत्रे आणि अर्ध्या तासाला दोन रुपये. खेळणारा एक आणि मागे बघणारी सात-आठ पोरे. त्यांतली निम्मी घरी तेलुगू बोलणारी, दोघे-तिघे कन्नड, बाकी आम्ही मराठी. ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ मधले इंग्रजी कुणालाच वाचता येत नव्हते आणि सूचनांचे पुस्तक कुणी पाहिलेलेही नव्हते. माझ्या चुलतभावाने पहिल्यांदा चावी उचलली आणि मुखवटा हलला तेव्हा सगळे गप्प झाले. तो मेला. दुसऱ्यांदाही मेला. तिसऱ्या खेपेला मुखवटा अगदी अंगावर आला असताना घाबरून त्याच्या बोटाने चुकीचे बटण दाबले, चावी खाली पडली आणि मुखवटा वळून निघून गेला. दुकानात एकच आरडाओरडा झाला. त्यानंतर कुणीही त्या खोलीत पोहोचला की मागून सगळे एका सुरात ओरडायचे, “चावी टाक, दादा, चावी टाक!”

त्या तीन खेपांत आम्हाला संपूर्ण नियम कळला होता: मुखवट्याचे तुमच्याशी वैर नाही, त्याचे सगळे लक्ष चावीवर आहे. एक अक्षरही न वाचता हे कळले, कारण मुखवट्याचे जागे होणे आणि निघून जाणे दोन्ही खेळणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीला बांधलेले होते. चावी टाकल्यावरही पाठलाग चालू राहिला, तर हा संबंध तुटतो आणि मुखवटा चार शत्रूंसारखा पाचवा शत्रू होतो. चावी टाकता आली तर गेम फार सोपा होईल, ही तुमच्या मित्राची भीती मी समजू शकतो. पण चावी टाकून कुणी जिंकत नाही, कारण महाद्वार उघडायला ती पुन्हा उचलावीच लागते. प्रत्येक वेळी वाकून उचलताना थोडा वेळ जातो, खालचे खंदकातले शत्रू जवळ येतात, आणि मुखवटा पुन्हा जागा होतो. खेळणारा हळूहळू चावी पुढच्या पायरीवर फेकायची, उडी मारायची आणि पुन्हा उचलायची अशी चाल शिकतो. ही चाल त्याची स्वतःची असते. ती बंद करू नका. 2020 मध्ये ‘सुपर मारिओ मेकर २’ ला आलेल्या एका अपडेटमध्ये शापित चावी मिळू लागली, जी घेतली की फॅन्टो मागे लागतो. इतक्या वर्षांनी तो मुखवटा चावीसकटच परत आला, याचे कारण मला तरी स्पष्ट दिसते: ते दोघे मिळून एकच गोष्ट आहेत.

दार ओलांडून दुसऱ्या खोलीत गेल्यावर मुखवट्याने मागे यावे, मूळ गेममध्येही तो येतो. फक्त नायक दारातून बाहेर पडताच मुखवटा तिथे हजर नको. नव्या खोलीत त्याला पडद्याबाहेर ठेवा आणि साधारण सव्वा सेकंदाने, शून्य वेगापासून आत येऊ द्या. जुना वेग तसाच राहिला, तर पहिलीच धडक चुकवता येणार नाही.

तो जागा होण्याआधीच्या खोलीला मात्र तुम्ही अजून न्याय दिलेला नाही. सध्या तुमची चावी रिकाम्या चौथऱ्यावर आहे आणि ती उचलली की मुखवटा एकदम हवेतून प्रकट होतो. मूळ गेममध्ये चावीच्या खोलीत मुखवटे आधीपासून असतात, निश्चल, सजावटीसारखे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते भिंतीचाच भाग वाटतात. पुढच्या प्रत्येक वेळी मात्र तो चावीकडे बघण्याआधी त्यांच्याकडे बघतो. मला यावरून नेहमी होम मैदानावरचे जत्रेतले मुखवट्यांचे दुकान आठवते. बांबूच्या दोन खांबांमध्ये दोरी आणि तिच्यावर राक्षस, वाघ, माकड, विदूषक यांचे कागदी लगद्याचे चेहरे टांगलेले. संक्रांतीच्या सुमाराची थंड झुळूक आली की सगळे किंचित हलायचे, आणि एखादा दोरीला पीळ बसून सावकाश आपल्याकडे वळायचा. मी आईचा पदर धरायचो तो त्या वळण्यामुळे. तुमच्या बुरुजात असेच पाच मुखवटे टांगा. नायक खोलीत हिंडत असताना ते अजिबात हलू देऊ नका. चावी उचलल्यावर त्यांतला एकच अर्धा सेकंद थरथरू दे, मग भिंतीपासून सुटू दे. बाकीचे चार जागीच राहावेत, पण कोणता सुटणार हे दर वेळी बदलावे. त्या अर्ध्या सेकंदात आवाज हवा असेल तर वाद्यमेळ नको. लाकूड लाकडावर घासल्यासारखा एकच कोरडा आवाज पुरेल. मुखवट्यांची चित्रे काढताना जत्रेतल्या खेळण्यातल्या चेहऱ्यांवरच राहा. देवतांचे मुखवटे शत्रू म्हणून वापरू नयेत; लोक ज्यांना हात जोडतात त्यांना नायकाच्या मागे धावायला लावणे मला स्वतःला पटणार नाही.

धडकेचा आकार चित्रापेक्षा लहान ठेवा. मुखवटा 16 पिक्सेलचा असेल तर कोलिजन, म्हणजे धडक मोजणारा आकार, 10 पिक्सेलचे पुरे. निसटता स्पर्श झाला आणि आपण वाचलो, असे खेळणाऱ्याला वाटले पाहिजे. उलट झाले तर तो गेमला खोटारडा म्हणेल आणि ते खरेच असेल. एकदा धडक बसल्यावर दीड सेकंद नायकाला इजा होऊ नये, म्हणजे मुखवटा ओलांडून परत येईपर्यंत तो सावरलेला असेल. या आकड्याचा वरच्या दोन सेकंदांशी मेळ ठेवा, त्वरण वाढवाल तेव्हा तोही तपासा.

एवढे झाल्यावर हा टप्पा तुमच्या वर्गमित्रांना दाखवू नका, त्यांना नियम माहीत आहे. हा गेम कधीच न पाहिलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन द्या, काहीही सांगू नका आणि त्याच्या शेजारी आणखी दोन मुले बसवा. चौथ्या खेपेपर्यंत शेजारच्यांपैकी कुणी “चावी टाक” असे ओरडले नाही, तर चावी उचलणे आणि मुखवट्याचे थरथरणे यांतले अंतर कमी करा, त्याचे निघून जाणे अधिक ठळक करा आणि पुन्हा तिघांना बसवा, पण या वेळी दुसऱ्या तिघांना.